राखणीचा कुत्रा

राखणीचा कुत्रा ही शिकवून तयार केलेली व किंमत ठरवून विकत घेण्याची वस्तु आहे, ही कल्पना आपल्याकडे अगदीं अलीकडची आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दारीं कुत्रा असे; पण तो कोणी निवडून आणलेला नसे. तो दारींच वाढे, उरलेल्या भाकरीवर पोसला जाई, आणि रात्रीं अनोळखी पाऊल वाजलें म्हणजे भुंके. त्याला शिक्षक नव्हता व जातिपत्रही नव्हतें. आज वाशी, नेरूळ, खारघर अशा नव्या वस्त्यांतील सुशिक्षित कुटुंबांत जी चर्चा ऐकूं येते ती निराळी आहे. कोणत्या जातीचा कुत्रा घ्यावा, शिकून तयार झालेला घ्यावा कीं पिल्लूं आणून मग शिकवावें, शिक्षक कोठें शोधावा, हे प्रश्न तेथें मोटारीच्या खरेदीइतक्या गांभीर्यानें विचारले जातात. प्रश्न विचारण्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु ज्या प्राण्याशीं आपला संबंध सहस्रावधि वर्षांचा आहे, त्याच्याविषयीं निर्णय घेतांना इतिहासाचीही साक्ष काढावी, असें आम्हांस वाटतें. ती काढूं गेल्यास 'कोणती जात?' या प्रश्नाच्या आधीं 'राखण म्हणजे काय?' हा प्रश्न पुढें उभा राहतो.

आपल्या वाङ्मयांतील पहिला राखणदार श्वान दांत दाखविणारा नाहीं, माग काढणारा आहे. पणींनीं गाई चोरून लपविल्या असतां इंद्राची दूती सरमा त्यांचा शोध करीत दूरच्या नदीपलीकडे जाते, ही कथा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत संवादरूपानें आली आहे. पणि तिला बहीण म्हणतात, गाईंचा वांटा देऊं करितात, आणि सरमा तो नाकारते. संस्कृतांत कुत्र्याला 'सारमेय' हें नांव या सरमेवरूनच मिळालें. चोरानें लांच द्यावी व राखणदारानें ती घेऊं नये, हा धडा येथें प्रथम दिसतो. परक्या हातचें अन्न न घेण्याचा जो पाठ आज कित्येक शिक्षक कुत्र्यांस देतात, त्याचें मूळ इतकें जुनें आहे.

कौटिल्य अधिक व्यवहारी. कुरणें व ओसाड प्रदेश यांवरील विवीताध्यक्षाच्या प्रकरणांत त्यानें कुत्रीं बाळगणाऱ्या पारध्यांनीं रानांतून फिरत राहावें अशी व्यवस्था सांगितली आहे. चोर किंवा शत्रु येतांना दिसल्यास त्यांनीं झाडावर वा डोंगरावर चढून स्वतःस सांभाळावें, आणि शंख फुंकून किंवा दुंदुभि वाजवून इशारा द्यावा. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या श्वानपथकाचें काम लढण्याचें नाहीं; वेळेवर कळविण्याचें आहे.

तरीही आपल्या शास्त्रांची कुत्र्याकडे पाहण्याची दृष्टि एकसारखी नाहीं. मनुस्मृतीनें कुत्रा व गाढव हें चांडाळादिकांचें धन ठरविलें, म्हणजे कुत्र्याबरोबर त्याला पाळणाऱ्या माणसासही गांवाबाहेर घातलें. उलट चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या नीतिश्लोकांत माणसानें कुत्र्यापासून सहा गुण शिकावे असें सांगितलें आहे : पुष्कळ खाण्याची शक्ति असून थोडक्यांत संतोष, गाढ झोंप पण चटकन् जाग, स्वामिभक्ति आणि शौर्य. ज्याला शिवावयाचें नाहीं त्याच्यापासून शिकावयाचें, अशी ही विसंगति आहे.

महाभारतांत मात्र या प्रश्नाचा निकाल फार स्पष्ट लागला आहे. आदिपर्वांत आरंभींच जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिलाला कांहीं अपराध नसतां मारतात; तेव्हां सरमा यज्ञमंडपांत येऊन राजाला विचारते कीं, माझ्या मुलानें हविर्भाग चाटला नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं, मग त्याला कां मारिलें? उत्तर मिळत नाहीं, आणि तुला न दिसणारें भय प्राप्त होईल असा ती शाप देते. ग्रंथाच्या शेवटीं, महाप्रस्थानिक पर्वांत, धर्मराज स्वर्गाच्या दारांत उभा असून आश्रयास आलेल्या कुत्र्याला सोडून आंत जाण्याचें नाकारतो. निरपराध कुत्र्याला मारिल्यानें भय येतें, आणि आश्रित कुत्र्याला न टाकल्यानें धर्म टिकतो : एवढ्या दोन गोष्टी जरी राखणीचा कुत्रा घेणाऱ्यानें ध्यानांत ठेविल्या, तरी त्याचें अर्धें शिक्षण झालें असें समजावें.

लोकधर्मानें तर कुत्र्याला देवाच्या शेजारींच जागा दिली. दत्तात्रेयाच्या पायाशीं चार कुत्रीं असतात व त्यांस चार वेद मानितात. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये कुत्र्याप्रमाणें भुंकून आपण देवाच्या दारचे सेवक आहोंत असें दाखवितात. कोंकणांत व गोव्यांत गांवाचें रक्षण करणाऱ्या अदृश्य शक्तीला 'राखणदार' म्हणतात. हा राखणदार कोणा एकाच्या कुंपणापुरता नसतो. तो शिवेवर असतो, आणि सगळ्या गांवाचा असतो.

दक्षिणेंत श्वानाच्या पराक्रमाची नोंद दगडावरही झाली आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या बाजूनें लढणारा गंग राजा बूतुग यानें तक्कोलमच्या लढाईंत मोठें शौर्य केलेल्या मणलर नांवाच्या आपल्या योद्ध्याला हवें तें मागावयास सांगितलें. त्यानें 'काळी' नांवाची शिकारी कुत्री मागितली. पुढें एका मोठ्या रानडुकराशीं झुंजतांना डुकर व कुत्री दोन्ही मेलीं. तेव्हां तिच्या स्मरणार्थ दगड उभारून त्याच्या पूजेसाठीं जमीन लावून देण्यांत आली. कर्नाटकांतील आतकूर येथील हा लेख इ. स. ९४९-५० चा आहे. पुढें कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास रचिलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथांत 'सारमेयविनोद' म्हणून स्वतंत्र प्रकरण घातलें. राजाच्या करमणुकीच्या विषयांत कुत्र्यांना असें मानाचें स्थान मिळालें होतें.

मराठ्यांच्या इतिहासांत राखणदार श्वानाचें उदाहरण शोधावयाचें तर तें साताऱ्यास सांपडतें. छत्रपति शाहूमहाराजांना शिकारीचा व कुत्र्यांचा मोठा षोक होता. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत लिहिलें आहे कीं, वाघाच्या शिकारींत महाराजांचे प्राण वांचविणाऱ्या एका कुत्र्याला त्यांनीं जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि ती पालखीची तैनात पुढें चालूं राहिली. एकदां एका दिमाखदार सरदाराच्या भेटीच्या वेळीं याच कुत्र्याला जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून महाराजांनीं आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, अशीही हकीकत तो देतो. डफसाहेबाला हें सर्व राजाचें वेड वाटलें. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. ज्या दरबारांत पराक्रमाबद्दल इनाम देण्याची रीत होती, त्या दरबारानें प्राण वांचविणाऱ्यास इनाम दिलें. तो दोन पायांचा नव्हता एवढेंच. साताऱ्याच्या परंपरेंत या कुत्र्याचें नांव खंड्या असें सांगतात, आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीस, १७४९ सालीं निवर्तलेल्या शाहूमहाराजांच्या समाधीजवळ त्याचें स्मारक दाखवितात.

आतां याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवून पाहावें. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. स्वामीच्या चितेंत त्यानें उडी घेतली ही कथा राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकानें घरोघर नेली, आणि १९३६ सालीं पुतळा उभा राहिला. शिवकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाहीं. त्यामुळें वाद झाले. २०१२ सालीं कांहीं लोकांनीं पुतळा काढून टाकिला व थोड्याच दिवसांत तो पुन्हां बसविण्यांत आला. २०२५ सालीं तो हलविण्याची मागणी पुन्हां पुढें आली. या वादांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. पण ज्याच्याविषयीं जुन्या इतिहासकाराचा लेखी उल्लेख आहे तो खंड्या साताऱ्याबाहेर फारसा कोणास ठाऊक नाहीं, आणि ज्याच्याविषयीं नाहीं तो वाघ्या मुलांच्या तोंडीं आहे, हें विचार करण्यासारखें आहे. खंड्यानें संकटांत उपयोगी पडून स्वामीला जगविलें. वाघ्यानें स्वामीमागें प्राण दिला. लोकांच्या मनाला दुसरी कथा अधिक भावते. कुत्र्याकडून आपण रक्षण मागतों, पण मनांतून अपेक्षा करितों ती आत्माहुतीची. राखणीचा कुत्रा विकत घेणाऱ्याच्या मनांत हीच अपेक्षा दडलेली असते, आणि म्हणून ती आधींच ओळखून ठेवणें बरें.

राजेरजवाड्यांच्या या कथांपेक्षां खेड्यांतील राखण निराळी होती. तेथें चोरापासून रक्षण हें माणसांचें काम होतें. वेसकर वेशीवर असे, जागल्या रात्रीं फिरे, रामोशी रखवालीचा हक्क घेऊन चोरीचा माग काढून देण्यास बांधलेला असे. कुत्रा त्यांचा सोबती. त्यानें भुंकावें आणि माणसांनीं उठावें, अशी ती वांटणी होती. 'भुंकणारा कुत्रा चावत नाहीं' ही म्हण आपण आतां बढाईखोर माणसाला लावितों. पण खेड्याच्या दृष्टीनें ती त्या कुत्र्याची स्तुतीच म्हणावी लागेल, कारण भुंकणें हेंच त्याचें काम होतें. याला अपवाद धनगराच्या कुत्र्याचा. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांचा कुत्रा लांडग्याशीं खरोखरच झुंजतो. त्याला हें कोणी शाळेंत शिकवीत नाहीं. तो पिलाचा असल्यापासून मेंढरांत वाढतो, त्यांच्यांत झोंपतो, आणि कळप म्हणजे आपलें घर असें मानूं लागतो. जी वस्तु राखावयाची तिच्याशीं आधीं नातें जडावें लागतें, ही त्या शिक्षणाची सारी पद्धति आहे.

आपल्या सीमेवरच्या मुधोळ संस्थानाचें नांव येथें घेतलें पाहिजे. घोरपड्यांच्या या संस्थानांत राजे मालोजीराव यांनीं रानांतल्या पारध्यांच्या सडपातळ, वेगवान कुत्र्यांची जोपासना केली, आणि ती जात मुधोळ या नांवानें प्रसिद्ध झाली. भारतीय टपाल खात्यानें २००५ सालीं देशी कुत्र्यांचीं जीं चार तिकिटें काढलीं त्यांत एक मुधोळचें होतें, आणि गेल्या दशकांत लष्करानेंही या जातीला शिकवून पाहण्यास आरंभ केला. पण हा कुत्रा नजरेनें शिकार हेरून धांवणारा. त्याला मोकळें रान हवें. ज्याला सहाव्या मजल्यावर राखण हवी आहे त्यानें केवळ देशाभिमानानें मुधोळ आणल्यास कुत्र्यावर अन्याय होईल.

शिकविलेल्या रक्षक श्वानाची आजची कल्पना मात्र युरोपांतली आहे, आणि तिचें वय सव्वाशे वर्षांच्या आसपास आहे. जर्मनींत आपोल्डा गांवीं लुई डोबरमान नांवाचा करवसुली करणारा मनुष्य होता. पैशाची पिशवी घेऊन आडवाटेनें फिरावें लागे, म्हणून त्यानें संरक्षणासाठीं कुत्र्यांची एक नवी वाण तयार केली. १८९४ सालीं तो वारला, पण वाण त्याच्या नांवानें राहिली. १८९९ सालीं माक्स फॉन श्टेफानित्स यानें जर्मन मेंढपाळ कुत्र्याची, म्हणजे ज्याला आपण अल्सेशियन म्हणतों त्याची, संस्था स्थापन केली. त्याच सुमारास बेल्जममधील गेंट शहरानें पोलिसांच्या रात्रीच्या गस्तीवर कुत्रे नेमण्यास आरंभ केला. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याला शहरांतली राखण शिकविण्याचा हा काळ होता.

या जर्मन परंपरेंतून जी परीक्षा निर्माण झाली तिला 'शुट्सहुंड' म्हणत. आज आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत तिचें नांव बदललें असलें तरी स्वरूप तेंच आहे. तिचे तीन भाग असतात : माग काढणें, आज्ञा पाळणें आणि संरक्षण. पण या परीक्षेस बसण्यापूर्वीं कुत्र्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, आणि ती सोबतीच्या कुत्र्याची असते. गर्दींतून, वाहनांमधून, परक्या माणसांच्या व दुसऱ्या कुत्र्यांच्या जवळून त्यानें शांतपणें चालून दाखविलें पाहिजे. तें न साधल्यास पुढचा दरवाजा बंद. संरक्षणाच्या भागांत कुत्रा जाडजूड बाही घातलेल्या मनुष्याचा हात पकडतो, हें सर्वांना ठाऊक असतें. परंतु परीक्षकाची नजर त्यानंतरच्या क्षणावर असते. धन्यानें 'आउस' म्हणतांच, म्हणजे 'सोड' म्हणतांच, त्यानें एका शब्दांत सोडलें पाहिजे आणि मग केवळ लक्ष ठेवीत उभें राहिलें पाहिजे. पकडतो पण सोडीत नाहीं असा कुत्रा या परीक्षेंत नापास होतो.

आपल्याकडे पोलिसांत कुत्रे आले ते स्वातंत्र्यानंतर. मद्रासेंत १९५१ सालीं आणि मुंबईंत १९५९ सालीं श्वानपथक उभें राहिलें. मुंबई पोलिसांच्या श्वानांत सर्वांत अधिक नांव मिळालें तें 'जंजीर' याला. हा लॅब्रडॉर जातीचा कुत्रा पुण्यास शिवाजीनगरच्या केंद्रांत शिकून १९९२ च्या अखेरीस बॉम्बशोधक पथकांत दाखल झाला. पुढच्याच मार्च महिन्याच्या १२ तारखेस मुंबईंत स्फोटांची मालिका होऊन २५७ माणसें मेलीं. त्या दिवसांत व त्यानंतर जंजीरनें ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब व ६,४०६ काडतुसें शोधून दिलीं, अशी नोंद आहे. किती माणसें त्यामुळें वांचलीं याचा हिशेब कोणालाच करतां येणार नाहीं. १६ नोव्हेंबर २००० रोजीं हाडांच्या कर्करोगानें तो गेला, आणि पोलिसांनीं त्याला इतमामानें निरोप दिला. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळीं मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर या चौघांनीं हेंच काम केलें. सेवानिवृत्तीनंतर त्यांना विरारजवळच्या एका शेतावर ठेविलें होतें. २०१६ या एकाच वर्षीं चौघेही निवर्तले.

या पांचांपैकीं एकाचीही कीर्ति चावण्यावर उभी नाहीं. त्यांनीं हुंगिलें, आणि सांपडलेल्या जागीं इशारा दिला. सरमेपासून जंजीरपर्यंत ज्या श्वानांना आपण मान दिला त्यांत बहुतेकांचें काम माणसाला सावध करण्याचें आहे. आणि जेथें झुंजण्याचें आहे, जसें खंड्याचें किंवा आतकूरच्या काळीचें, तेथें समोर वाघ किंवा रानडुकर आहे, माणूस नाहीं.

आतां नवी मुंबईकडे येऊं. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण भागांतील ९५ गांवांच्या जमिनीवर हें शहर उभें राहिलें. आगरी-कोळ्यांच्या त्या गांवांत मिठागरें होतीं, भातशेती होती, खाडींत होड्या होत्या. आणि प्रत्येक आळींत कुत्रे होते. ते कोणा एकाचे नव्हते, आणि म्हणून सर्वांचे होते. १९७३ सालीं वाशीचा पूल झाला, १९९२ सालीं आगगाडी खाडी ओलांडून आली, आणि त्या गांवांच्या मधल्या मोकळ्या जागांत उंच इमारती उठल्या. तेथें राहावयास आलेलीं कुटुंबें परस्परांना परकीं. शेजारी कोण हें ठाऊक नसतें; गुरखा बदलत असतो; आईबाप एकटे, मुलें परगांवीं किंवा परदेशीं. जुन्या गांवांत जी राखण ओळखीनें होत असे, ती येथें कुलपांनीं, कॅमेऱ्यांनीं आणि आतां शिकविलेल्या कुत्र्यानें करावी असें लोकांना वाटूं लागलें. ही गरज खोटी नाहीं. एकट्या वृद्धेला रात्रीं दारावर कुत्रा असणें हा मोठाच धीर आहे. पण धीर आणि दहशत यांत अंतर आहे, आणि विकणारा बहुधा दहशत विकतो.

ज्याला असा कुत्रा घ्यावयाचाच आहे त्यानें काय पाहावें? इतिहासावरून जें निघतें तें थोडक्यांत असें. पहिली गोष्ट स्वभावाची. भित्रा कुत्रा धोकेबाज असतो. तो शत्रु ओळखून चावत नाहीं, घाबरून चावतो. म्हणून पिलाचे आईबाप पाहावे, तीं परक्या माणसाजवळ कशीं वागतात तें पाहावें. केनेल क्लबचें जातिपत्र कुळाचा पुरावा देतें, स्वभावाचा देत नाहीं. दुसरी गोष्ट शिक्षकाची. जो शिक्षक मारून, उपाशी ठेवून किंवा डिंवचून 'तेज' कुत्रा तयार करितो, त्याच्या हातून सरमेचा शाप विकत मिळतो. तिसरी, आणि आमच्या मतें मुख्य, गोष्ट अशी : तयार कुत्रा घेतांना तो कसा पकडतो हें पाहण्यापेक्षां तो कसा सोडतो हें पाहावें. शिक्षकाच्या शब्दावर नव्हे, तर ज्याच्या घरीं तो राहणार त्याच्या शब्दावर, गर्दीच्या जागीं आणि एकापेक्षां अधिक वेळां. पोलिसांत कुत्र्याबरोबर त्याचे हस्तक, म्हणजे त्याला सांभाळणारे शिपाई, शिकतात. घरीं मात्र कुत्रा शिकलेला आणि कुटुंब अशिक्षित असा प्रकार नेहमीं दिसतो. रोजची उजळणी चुकली कीं शिकविलेलें विसरावयास फार दिवस लागत नाहींत, आणि कुत्रा आज्ञा विसरतो पण दांत विसरत नाहीं.

जातीचा विचार यानंतरचा. मॅलिनॉई हा बेल्जमचा मेंढपाळ कुत्रा आज सैन्यांत व पोलिसांत फार मान्यता पावला आहे. पण ज्या चपळाईमुळें तो तेथें उपयोगी पडतो, तीच दोन खोल्यांच्या घरांत त्याला वेडें करिते. आपल्या खाडीकांठच्या दमट उन्हाळ्यांत दाट केंसांच्या जातींना होणारा त्रासही लक्षांत घ्यावा. बहुसंख्य घरांना पकडणाऱ्या कुत्र्याची गरजच नसते. सावध, माणसाळलेला आणि वेळेवर भुंकणारा साधा कुत्रा पुरतो. आपल्या गल्लींतला गांवठी कुत्रा या तिन्ही गुणांत कोणास हार जाणारा नाहीं.

कायदाही या बाबतींत मुका नाहीं. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानें कुत्र्याला अवाजवी वेळ आंखूड किंवा जड साखळीनें बांधून ठेवणें, तसेंच सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणें, हा गुन्हा ठरविला आहे. गच्चींत बांधलेला 'राखणदार' हा अशा रीतीनें धन्याच्याच अपराधाचा पुरावा असतो. आपल्या जनावरापासून इतरांस इजा होऊं नये याची काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वयें सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. केंद्र सरकारनें १२ मार्च २०२४ रोजीं पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबविण्याचें पत्र राज्यांना पाठविलें होतें. संबंधितांचें म्हणणें न ऐकतां तें काढलें म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानें पुढच्याच महिन्यांत तें रद्द केलें. तेव्हां जात चांगली कीं वाईट हा वाद कोर्टांत मिटलेला नाहीं. रेबीजची लस मात्र वादाचा विषय नाहीं. तो रोग एकदां दिसूं लागला कीं त्यावर इलाज जवळजवळ नाहींच.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातींत कोठेंच लिहिलेली नसते. राखणीच्या कुत्र्यापासून भय कोणाला असतें? दरोडेखोर वर्षांतून एकदां येईल किंवा कधींच येणार नाहीं. पण दूधवाला रोज येतो. वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, भांडीं घांसणारी बाई, पार्सल आणणारा तरुण, लिफ्टमध्यें भेटणारें शेजारचें मूल, हीं रोज येतात. कुत्रा चुकला तर तो बहुधा यांच्यावरच चुकतो. तीं तक्रार करण्याच्या स्थितींत बहुधा नसतात, कारण त्यांची भाकरी त्याच दारावर अवलंबून असते. मुंबईनें फार पूर्वीं, जून १८३२ मध्यें, कुत्र्यांवरून मोठा दंगा पाहिला आहे. सरकारनें मोकाट कुत्रे मारण्यास आरंभ केला आणि ज्यांच्या धर्मांत कुत्र्याला पवित्र स्थान आहे ते पारशी लोक रस्त्यांत उतरले. त्या वेळीं प्रश्न कुत्र्यांच्या जीविताचा होता. आज नव्या वस्त्यांत प्रश्न असा आहे कीं, एका कुटुंबाच्या निर्धास्तपणाची किंमत दुसऱ्या गरीब माणसानें भीतीच्या रूपानें द्यावी काय? ज्या घरचा कुत्रा भांडीवालीला ओळखतो आणि धन्याच्या एका शब्दासरशी खालीं बसतो, त्या घरानें या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे. इतरांनीं तें अजून द्यावयाचें आहे.

शेवटीं कालावधीचा विचार. मोठ्या जातीचा कुत्रा साधारण दहा-बारा वर्षें जगतो, आणि त्यांतलीं शेवटचीं दोनतीन वर्षें तो कोणाचीच राखण करूं शकत नाहीं. उलट त्याचीच राखण करावी लागते. बदली झाली, मुलगा परदेशीं गेला, कुत्रा म्हातारा झाला, अशा कारणांनीं टाकलेले जातिवंत कुत्रे शहरांच्या रस्त्यांवर भटकतांना दिसतात. शाहूमहाराजांनीं खंड्याला दिलेल्या सनदेवर इंग्रज इतिहासकार हंसला, पण तिचा अर्थ सरळ होता : काम संपल्यावरही पालखीची तैनात चालूं राहावी. सनद देण्याचा अधिकार आज आपल्यापैकीं कोणाला नाहीं. पण कुत्रा घरीं आणण्यापूर्वीं त्याच्या म्हातारपणाची तजवीज मनाशीं ठरवून ठेवणें प्रत्येकाच्या हातीं आहे. आणि ज्याच्यानें तें ठरवितां येत नाहीं, त्यानें दाराला एक चांगलें कुलूप बसवून शेजाऱ्याशीं ओळख करून घ्यावी, हें त्यास व कुत्र्यास दोघांसही अधिक हिताचें होईल.